हिंगणा रोडच्या नवीन स्कीममध्ये मुलीच्या कॉलेजसाठी फ्लॅट घ्यावा का? पाच लाख टोकन मागून राहिले

आर्वीचे_गुरुजी

नमस्कार मंडळी. मी आर्वीचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलगी हिंगणा रोडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात आहे, आताच सेकंड इयर सुरू झालं. धाकटा अकरावीत, त्यालाही पुढं नागपूरलाच पाठवायचा विचार आहे. मुलगी सध्या वानाडोंगरीत एका घराच्या वरच्या माळ्यावर तीन मैत्रिणींसोबत राहते, चौघींत एक बाथरूम, आणि उन्हाळ्यात खोली अशी तापायची की पोरी रात्री अंगणात बसून अभ्यास करत होत्या, हे तिनं परीक्षा झाल्यावर सांगितलं, आधी सांगितलं तर आम्ही काळजी करू म्हणून बोलली नाही. ते ऐकल्यापासून तिच्या आईनं मनावर घेतलं की आपलं स्वतःचं घर पाहिजे, दोन्ही लेकरं तिथं राहून शिकतील आणि नंतर भाड्यानं देता येईल.

मागच्या रविवारी एक स्कीम पाहून आलो. मेन रोडपासून आत दीडेक किलोमीटर, खाली पार्किंग, वर सात माळे, ४२ फ्लॅट. टू बीएचके १०५० स्क्वेअर फूट, ३८ लाख. तिसऱ्या माळ्याचा स्लॅब झाला आहे, ताबा दीड वर्षात म्हणतात. तिथल्या माणसाचं म्हणणं असं की चारही बाजूंनी कॉलेजं आहेत, मेडिकल आहे, एमआयडीसी आहे, फ्लॅट रिकामा राहूच शकत नाही, १६ हजार भाडं कुठं गेलं नाही, मेट्रो येऊनच राहिली, पाच वर्षांत किंमत डबल. जीएसटी ५ टक्के वेगळा. दसऱ्याच्या आत ५ लाख टोकन द्या म्हणजे आजचा रेट पक्का, करारनाम्याचं नंतर पाहू.

वडिलांच्या वाट्याचं दीड एकर वावर मागच्या वर्षी विकलं, त्यातले १३ लाख बँकेत आहेत. बाकी २५ लाख कर्ज काढावं लागेल. नोकरी १२ वर्षं उरली म्हणून बँक १२ वर्षांचंच कर्ज देते, साडेआठ टक्क्यांनी हप्ता २७,७५० च्या घरात बसतो. पगारातून निघेल पण घर ओढून ताणून चालवावं लागेल. हे वावराचे पैसे आहेत हो, एकदा गेले की परत जमा होणार नाहीत. तिकडं राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा.

डिगडोहचा_रहिवासी

गुरुजी, अगदी हाच हिशेब करून मी २०१९ मध्ये डिगडोहकडे टू बीएचके घेतला होता, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्याकडे आजही चार पोट्टे भाड्याने राहतात आणि ते चांगले पोट्टे आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

प्रत्येकी ३,५०० म्हणजे महिन्याला १४ हजार. पण हे वर्षाला १० महिनेच समजा. परीक्षा झाली की मे मध्ये खोली सोडतात, आणि फर्स्ट इयरचे प्रवेश सीईटीच्या कॅप राउंडनंतर होतात, त्यामुळे नवीन पोरं कितीतरी उशिरा येतात, तोवर फ्लॅट रिकामा आणि मेंटेनन्स तुमच्या खिशातून. म्हणजे वर्षाचे १ लाख ४० हजार. त्यातून मेंटेनन्सचे १८ हजार गेले, घरटॅक्स गेला, दर वर्षी एक रंग, एखादा नळ, एखादं सिस्टर्न, एखादी गिझरची कॉइल. माझ्या हातात लाख-सव्वा लाख उरतात. तुमचा हप्ता वर्षाचा ३ लाख ३३ हजार होतो. म्हणजे भाडं पूर्ण आलं तरी दर महिन्याला १७-१८ हजार तुम्ही घरून टाकणार, १२ वर्षं. आणि मुलगी स्वतः राहिली तर तेवढे दिवस भाडं शून्य.

१६ हजार कोणालाच मिळत नाही असं नाही, पण ते एसी, पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन लावून दिलेल्या फ्लॅटचं भाडं आहे आणि ती वस्तू दर दोन वर्षांनी दुरुस्तीला येते.

अजून एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. २०२० च्या मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली, पोरं पुस्तकं-गाद्या तशाच टाकून गावी गेली आणि जवळजवळ दीड वर्ष कोणी आलं नाही. हप्ता सहा महिने पुढे ढकलायची सोय मिळाली होती पण व्याज चढतच होतं. त्या काळात बायकोची पाटली मोडली आणि त्याबद्दल मी तिची अजून माफी मागतो. एकाच प्रकारच्या भाडेकरूवर उभं असलेलं घर म्हणजे एकाच पिकाचं वावर, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्या अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये आता दर वर्षी विषय निघतो, बॅचलर ठेवू नका म्हणून. फॅमिलीवाल्यांचंही चूक नाही, रात्री गाड्या येतात-जातात, लहान लेकरं झोपलेली असतात. स्कीममध्ये निम्म्याहून जास्त फ्लॅट भाड्याने द्यायलाच घेतलेले असले की बोअरची मोटर जळाली तरी पैसे गोळा करायला माणूस सापडत नाही, मालक कोणी यवतमाळला, कोणी पुण्याला.

साइटवरचा_इंजिनीअर

सर, मी २० वर्षं याच कामात आहे. बिल्डर चांगले पण असतात, मी ज्यांच्याकडे काम करतो त्यांची स्कीम वेळेत उभी राहते, त्यामुळे सगळ्यांना एकाच तराजूत तोलू नका. पण तुम्ही एक शब्द लिहिला नाही त्याची मला जास्त काळजी वाटून राहिली. पाणी.

४२ फ्लॅट, घरटी पाच माणसं धरली, माणशी दिवसाला १३५ लिटर हा साधा नेहमीचा मापदंड आहे, तर रोजचं २८ हजार लिटरच्या वर पाणी लागते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर जवळपास तीन टँकर, रोज. आता त्या माणसाला विचारा हे कुठून येणार आहे. "बोअर आहे ना" हे उत्तर चालणार नाही. नागपूरच्या पश्चिम अंगाला खाली काळा दगड आहे, या दगडात पाणी फक्त भेगांमध्ये असते, त्यामुळे एका बोअरला धो-धो लागते आणि पन्नास फुटांवरचा बोअर कोरडा जातो, आणि जे लागलं ते पण एप्रिल-मे मध्ये खाली जाते कारण आजूबाजूला प्रत्येक स्कीमने दोन-दोन बोअर मारलेले असतात. शहराच्या हद्दीत पेंचचं पाणी नळाला येते, हद्दीबाहेर काय व्यवस्था आहे ते त्या स्कीमपुरतं, त्या गल्लीपुरतं विचारायचं. नळाचं कनेक्शन मंजूर असेल तर कागद दाखवायला काय हरकत आहे. शेजारच्या स्कीममध्ये जाऊन वॉचमनला विचारा, मे महिन्यात टँकर किती येत होते, तो खरं सांगते.

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचं पाणी वेगळं, डेझर्ट कूलर दिवसभर चालला की टाकी दोनदा भरावी लागते. आणि कूलर लावायला जागा आहे का ते पण बघा! आजकाल स्लायडिंग खिडक्या देतात, बाहेर ग्रिल नाही, स्टँडला जागा नाही, मग भाडेकरू हॉलच्या बाल्कनीत कूलर ठेवतो आणि बेडरूम तापतच राहते. पश्चिमेची भिंत उघडी असलेला फ्लॅट आणि सगळ्यात वरचा माळा, हे दोन्ही शक्यतो घेऊ नका. तुमच्या मुलीची खोली तापत होती म्हणून तुम्ही घर घेऊन राहिले, तर तेच दुखणं ३८ लाखांत विकत घेऊ नका.

१०५० हा सुपर बिल्टअप असणार, म्हणजे जिना-पॅसेजसारख्या सामायिक जागेचा वाटा धरून, त्याला काही अर्थ नाही. कार्पेट, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा विचारा, करारनाम्यात कार्पेटच लिहावा लागतो. माझ्या अंदाजाने ७०० च्या आतबाहेर निघेल.

तिसरा स्लॅब झाला असेल तर पाया आता दिसणार नाही, पण फुटिंग कशावर बसवलं ते स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये असते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तुम्ही शेतकरी घरचे आहात तुम्हाला ठाऊकच आहे, पाया त्या मातीच्या खाली घट्ट मुरूम किंवा दगडावर गेलेला पाहिजे. आणि आजूबाजूला नाला कुठून वाहतो ते पावसाळ्यात जाऊन बघा. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या चांगल्या चांगल्या वस्त्यांत पाणी घुसलं होतं, त्या लोकांना पण कोणी सांगितलं नव्हतं की इथं पाणी येईल.

आर्वीचे_गुरुजी

दोघांचेही मनापासून आभार. पाण्याचं मी खरंच विचारलं नाही. तिथं सॅम्पल फ्लॅटमध्ये नळ सोडून दाखवला होता त्यातच समाधान मानलं. कार्पेट आज फोन करून विचारला, ६९० सांगितला. रेरा नंबरचं, म्हणजे गृहप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचं विचारलं तर "प्रोसेसमध्ये आहे, आठ दिवसांत येतो" म्हणाले. ज्यांना कायद्याचं कळते त्यांनी यावर सांगा, आणि ५ टक्के जीएसटी बरोबर आहे का?

कोर्टातली_ताई

गुरुजी, थांबा. टोकन देऊ नका.

४२ फ्लॅटच्या स्कीमला रेरा नोंदणी लागतेच, आठपेक्षा जास्त फ्लॅट आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन असली की लागते. आणि नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करणं, बुकिंग घेणं, टोकन घेणं यातलं काहीच करता येत नाही. "प्रोसेसमध्ये" असताना तुमच्याकडून ५ लाख मागणं हेच चुकीचं आहे. नंबर आल्यावर सुद्धा १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम रजिस्टर्ड करारनाम्याशिवाय घेता येत नाही, ३८ लाखांचे १० टक्के म्हणजे ३ लाख ८० हजार, ५ लाख तर त्याच्याही वर जातात. करारनाम्याचं "नंतर पाहू" म्हणणाऱ्याला तुम्ही पण "मग पैशाचं पण नंतर पाहू" म्हणा, त्यात लाजायचं काही नाही.

नंबर मिळाला की महारेराच्या वेबसाइटवर जाऊन स्वतः बघा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड पण लागतो, तो मोबाईलने स्कॅन केला की थेट त्या प्रकल्पाचं पान उघडते. तिथं मंजूर नकाशा, जमिनीवरचा बोजा, ताब्याची तारीख, किती फ्लॅट विकले, सगळं असते. नकाशा सात माळ्यांचा मंजूर आहे की पाचच, हे त्यात दिसेल. ताब्याची तारीख तोंडी दीड वर्ष आणि तिथं तीन वर्षं असं मी कितीदा पाहिलं आहे. कायद्याच्या दृष्टीने तिथली आणि करारनाम्यातली तारीख खरी, उशीर झाला तर व्याज किंवा व्याजासकट पैसे परत मागायचा हक्क त्याच तारखेवरून ठरतो.

हप्ते पण पाहून घ्या. नमुना करारनाम्यात ठरलेलं आहे, करारनाम्यानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथला म्हणजे जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब होईपर्यंत ७०, आणि शेवटचे ५ टक्के ताब्याच्या वेळी, ओसीसोबत म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रासोबत. काम तिसऱ्या स्लॅबवर आणि ९० टक्के मागून राहिले तर देऊ नका.

जमिनीचं वेगळं. सात-बारा घ्या, एनएचा म्हणजे बिगरशेतीचा आदेश घ्या, मंजुरी कोणाची आहे ते बघा, एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) की नगरपरिषद. नागपुरात आरएल लेटर हा शब्द तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल, ते लेआउटमधल्या प्लॉटच्या नियमितीकरणाचं पत्र आहे, त्याने वरची इमारत मंजूर होत नाही. लोक आरएल दाखवतात आणि साधा माणूस समजतो की सगळं क्लिअर आहे. सात-बाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन, असं लिहिलेलं दिसलं तर परवानगीशिवाय पुढं जायचंच नाही. जमिनीच्या मागच्या व्यवहारांचा ३० वर्षांचा सर्च आपल्या वकिलाकडून काढा, बिल्डरच्या वकिलाकडून नको, थोडे हजार जातील पण वावराच्या पैशाला तेवढी राखण पाहिजे.

जीएसटी: ४५ लाखांच्या आतला आणि कार्पेट ९० चौरस मीटरच्या आतला फ्लॅट नागपुरात परवडणाऱ्या घरात बसतो, त्यावर १ टक्का लागतो, ५ नाही. ६९० स्क्वेअर फूट म्हणजे ६४ चौरस मीटर, तुमचा बसतो. ३८ लाखांवर हा फरक १ लाख ५२ हजारांचा आहे. आणि ओसी झाल्यावर तयार फ्लॅट घेतला तर जीएसटी लागतच नाही. रजिस्ट्री वहिनींच्या नावाने केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

वानाडोंगरीचा_गडी

मले कायद्याचं जास्त कळत नाही गुरुजी पण मी इथलाच आहे. जिथं आता या स्कीमा उभ्या राहून राहिल्या तिथं आमची पऱ्हाटी अन् तूर होती. माह्या आज्याची विहीर होती, मे महिन्यात पण मोट चालायची असं बाप सांगते, माह्या लहानपणी तिच्यात आम्ही पोहायला शिकलो. आता चारही बाजूनं बोअर झाले अन् ती विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. आम्ही पण वावर विकलं, कोणी जबरदस्ती नाही केली, पैसे आले तर घर बांधलं, वर चार खोल्या काढल्या, पोरी ठेवतो. तुमची लेक जिथं राहते तशाच. खोल्या तापतात हे खरं आहे, आम्ही या वर्षी छतावर पांढरा रंग मारला अन् पोरींच्या खोलीत मोठा कूलर लावला, फरक पडला. घरमालकाले बोलून पाहा, दोन-चारशे रुपये जास्त द्या, तो पण लावून देईन. ३८ लाखाआधी एवढं करून पाहायले काय जाते.

फायनल_इयरची

काका, मी तिथंच शिकते, शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून मुलींच्या बाजूनं सांगते. मेन रोडपासून दीड किलोमीटर आत हे ऐकूनच मला नको वाटलं. प्रॅक्टिकल संपायला साडेपाच होतात, सबमिशनच्या दिवसांत त्याहून उशीर, हिवाळ्यात तेव्हा अंधार असतो आणि आतल्या रस्त्यावर नवीन लेआउटमध्ये लाइट नसतात, ऑटोवाले आत यायला तयार नसतात, कुत्रे असतात. मेट्रो आज लोकमान्य नगरपर्यंतच आहे, २०२० पासून, तिथून पुढं हिंगण्यापर्यंत दुसऱ्या टप्प्यात जाणार आहे, त्याला २०२२ च्या डिसेंबरमध्ये मंजुरी मिळाली, पण तुमच्या मुलीचं शिक्षण त्याच्यासाठी थांबणार नाही ना. आम्ही खोली पाहताना फक्त तीन गोष्टी बघतो, पाणी, कॉलेज पायी आहे का, आणि घरमालकीण खाली राहते का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. मला टायफॉइड झाला तेव्हा आमच्या काकूंनीच दवाखान्यात नेलं होतं, रिकाम्या फ्लॅटमध्ये चौघी असतो तर कोण नेणार होतं.

आणि काका एक हिशेब बघा. ती आता सेकंड इयरला. दीड वर्षात ताबा म्हणजे थर्ड इयर संपत आलेलं असेल, सहा महिने उशीर झाला की फायनल इयर. शेवटच्या सेमिस्टरला आमच्यातल्या कितीतरी जणी इंटर्नशिपला पुण्याला, बंगलोरला जातात. म्हणजे ज्या घरासाठी हे सगळं करून राहिले त्यात ती एक सेमिस्टर राहील. तुम्ही तिला विचारलं का?

डिगडोहचा_रहिवासी

या पोरीने सगळ्यात कामाचं लिहिलं. गुरुजी, घर घ्यायचंच असेल तर धाकट्याचं कॉलेज ठरल्यावर, ओसी झालेला, लोक राहत असलेला फ्लॅट बघा. बन्सी नगर, वासुदेव नगर, जयताळा, त्रिमूर्ती नगर, या पट्ट्यात मनपाची हद्द आणि नळ कुठवर आहे ते विचारून घ्या, यातले पहिले दोन तर मेट्रो स्टेशनच्या नावाचेच आहेत. दहा-बारा वर्षं जुना असला तरी चालते, भेगा, गळती, पाणी, शेजारी सगळं डोळ्यांनी दिसते आणि पुढे फॅमिलीला पण भाड्याने देता येते, फक्त कॉलेजवर अवलंबून राहावं लागत नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी दोन वाजता फ्लॅट पाहायला जा, कोणता तापतो ते तेव्हाच कळते.

आर्वीचे_गुरुजी

उत्तर द्यायला आठ दिवस लागले, माफ करा. शनिवारी मी आणि हिची आई दोघंही नागपूरला गेलो. आधी त्या स्कीमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या वॉचमनला भेटलो, तो म्हणाला मे मध्ये रोज दोन टँकर, कधी तीन, आणि टँकर यायला उशीर झाला की सकाळी लोक खाली बादल्या घेऊन उभे. त्यांच्याकडे २८ च फ्लॅट आहेत. स्कीमच्या ऑफिसात रेरा नंबर पुन्हा मागितला, अजून आलेला नाही, आणि नळाच्या कनेक्शनचा कागद विचारला तर त्या माणसाचा बोलण्याचा सूरच बदलला. टोकन दिलं नाही.

मग संध्याकाळी मुलीला विचारलं. एवढे दिवस तिची आई आणि मीच बोलत होतो, तिला विचारायचं सुचलंच नाही याचं वाईट वाटलं. ती म्हणाली, बाबा, मैत्रिणी सोडून मला आत कुठं राहायचं नाही, कॉलेज इथून पायी दहा मिनिटं आहे, आजी खाली राहतात, फक्त कूलर पाहिजे आणि दुसरं बाथरूम झालं तर बरं होईल. वावराचे पैसे मोडू नका असंही म्हणाली, तिला सगळं माहीत होतं.

घरमालकांशी बोललो, भले लोक आहेत. जिन्याखाली बाथरूम काढून देतो म्हणाले, खर्च ते करतील, चौघींचे मिळून महिन्याला ८०० जास्त द्यायचे ठरले. कूलर मी घेऊन दिला, छताला पांढरा रंग उन्हाळ्याच्या आधी मारू. १३ लाख एफडीत टाकले. धाकट्याचं दोन वर्षांनी ठरेल तेव्हा बन्सी नगरकडे बघू, हिच्या आईला तिकडचा भाग आवडला.

वानाडोंगरीच्या भाऊंना एक विचारायचं राहिलं, छताला जो पांढरा रंग मारला तो साधा चुना होता की तयार मिळते ते? आणि किती कोट लागले?

वानाडोंगरीचा_गडी

आधी चुना मारला होता गुरुजी, पहिल्याच पावसात धुवून गेला. या वर्षी तयार मिळते ते मारलं, दोन कोट. फेब्रुवारीत मारा, आधी छत घासून धुवून घ्या नाहीतर पोपडे निघतात. येताना सांगा, माह्याकडे ब्रश अन् लांब दांडा दोन्ही आहे, घेऊन जा.